बाळाला न पचणारी साखर आईच्या दुधात कशासाठी असते?

रांजणगाव, शिरूर, दौंड या पट्ट्यात गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस होतो. तो सगळे आवडीने खातात. बाळंतिणीच्या चिकाच्या वाट्याला मात्र हा मान क्वचितच आला. पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध ‘बाळाला जड’ म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचं, ही रीत महाराष्ट्रात अनेक घरांत चालत आली. त्या चिकाबरोबर काय वाया जातं, हे समजून घ्यायचं तर बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंकडे पाहावं लागतं.

ही साखर कोणती?

पाणी वगळलं तर आईच्या दुधात सर्वात जास्त असते लॅक्टोज ही साखर. त्यानंतर स्निग्ध पदार्थ. तिसरा क्रमांक लागतो ह्यूमन मिल्क ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे ‘एचएमओं’चा. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज अशा साध्या साखरा मण्यांसारख्या एकमेकींना जोडून या छोट्या साखळ्या बनतात. त्यांचे 150 हून जास्त प्रकार सापडले आहेत. एक लिटर दुधात त्या साधारण 5 ते 15 ग्रॅम असतात, तर चिकात 20 ग्रॅमच्याही वर. गाईच्या दुधात त्या फारच कमी असतात.

या साखळ्या तोडणारे एन्झाइम बाळाकडे नसतात. त्यामुळे बहुतेक साखळ्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात.

जिवाणू ती कशी फोडतात?

तिथे बिफिडोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू वाट पाहत असतात. त्यातला ‘इन्फँटिस’ हा सर्वात तरबेज. 2008 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा याच साखरेसाठी लागणाऱ्या जनुकांचा मोठा संच त्यात एकत्र आढळला. तो साखळी अख्खीच पेशीत ओढून घेतो आणि आत एकेक मणी सुटा करून खातो. ‘बिफिडम’ हा त्याचा भाऊबंद मात्र साखळी पेशीबाहेरच तोडतो, त्यामुळे सुटलेले तुकडे शेजारच्या जिवाणूंनाही मिळतात.

यातून लॅक्टिक आणि अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. आतड्यात आंबटपणा वाढला की रोग पसरवणाऱ्या अनेक जंतूंना तिथे बस्तान बसवणं अवघड जातं. अ‍ॅसिटिक आम्ल आतड्याच्या अस्तरालाही बळ देतं. शिवाय काही साखळ्या जंतूंना चकवतात. जंतू आतड्याच्या भिंतीला चिकटण्याऐवजी त्यांनाच चिकटतात आणि शीबरोबर बाहेर पडतात.

सगळ्याच बाळांत हे जिवाणू सारखे नसतात. सिझेरियन, अँटिबायोटिक्स आणि वरचं दूध यांमुळे त्यांचं प्रमाण कमी होऊ शकतं.

आईचं दूध मिळालंच नाही तर?

वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी हा प्रश्न जिवाचा असतो. त्यांच्या आतड्याला गंभीर सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा धोका असतो. पावडरच्या दुधापेक्षा दुसऱ्या आईने दान केलेल्या दुधावर हा धोका कमी राहतो.

मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांमध्ये दूध सहसा 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. यात दुधातले जिवंत जिवाणू मरतात, काही संरक्षक प्रथिनंही कमी होतात. पण एचएमओ साखळ्या ही उष्णता सोसतात. म्हणजे दुसऱ्या आईच्या दुधातूनही जिवाणूंचा हा खाऊ बाळापर्यंत पोहोचतो.

आता काही कंपन्या पावडरच्या दुधात एचएमओ घालतात, पण ते मोजकेच प्रकार असतात.

घरात काय लक्षात ठेवावं?

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं आणि चीक पाजावा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं. मध, गुटी, साखरपाणी किंवा वरचं पाणीही नको. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध देऊच नये. दूध कमी येत असेल किंवा बाळ नीट ओढत नसेल, तर डॉक्टरांचा किंवा आशाताईंचा सल्ला लगेच घ्यावा.

बाळाच्या पहिल्या घासात जिवाणूंचाही वाटा असतो आणि तो सर्वात जास्त चिकातच असतो.