निवाडा कोणाचा? ‘अस्मितादर्श’ आणि मराठी समीक्षा

आजच्या विषयात ‘राष्ट्रीय संस्कृती’ असा जड शब्द आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा आधी प्रश्न विचारतो. साहित्यातून राष्ट्राची संस्कृती घडते असं आपण म्हणतो. पण घडवतं कोण? लेखक तर घडवतोच. माझं म्हणणं असं की, समीक्षकही तितकाच घडवतो. ‘हे साहित्य, हे नव्हे’ असा निवाडा तो देतो आणि त्या निवाड्यातून ‘आपण’ म्हणजे कोण, हेही ठरत जातं.

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. १८८५ च्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्राने नकार कळवला. ज्यांना सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभा-पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. हे पत्र आपण सामाजिक इतिहासात वाचतो. मला ते मराठी समीक्षेतलंही मोलाचं लेखन वाटतं.

फुल्यांनी विचारलेल्या या प्रश्नाला पुढे घर मिळालं ते आपल्या शहरात. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ, माध्यम उर्दू. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय काढलं. तेच आपलं मिलिंद. नागसेनवनात आलेली कितीतरी मुलं घरातली पहिलीच शिकणारी. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे या तरुणांचं लक्ष वेधलं. याच वातावरणात, १९६८ च्या सुमारास, गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं.

दलित साहित्यावर तेव्हा आक्षेप काय होते? भाषा शिवराळ, सूर प्रचारकी, अनुभव एका गटापुरता. आता आपलं काव्यशास्त्र पाहा. रसाचा आस्वाद सहृदयाला मिळतो आणि काव्याच्या अभ्यासाने ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालं, तो सहृदय, असं अभिनवगुप्त सांगतात. विचार मोठाच आहे. पण मग विचारायला हवं ना, की हा अभ्यास करू कोणाला दिला? आणि आरसा घासताना त्यात गावकुसाबाहेरचं काही दिसू दिलं का? ‘मला भिडत नाही’ एवढ्यावरून ‘हे वैश्विक नाही’ असं म्हणणं, हा तर्कातला दोष आहे. ‘अस्मितादर्श’ने लेखक छापले, तसेच त्या लेखनाचे वाचक आणि समीक्षकही घडवले. पुढे १९९६ मध्ये शरणकुमार लिंबाळ्यांनी दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र मांडलं, तेव्हा आनंदाच्या जागी स्वातंत्र्य, समता ही मूल्यं आणली. त्यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण कसोटीचीच चर्चा सुरू झाली, हे महत्त्वाचं.

अर्थात साहित्याकडून भलती अपेक्षा करू नये. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, मध्यमवर्गाने ते वाचलं, हळहळ व्यक्त केली. त्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. पुस्तक वाचून माणूस बदलतोच, असं नाही. मात्र ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. राज्यघटनेने नागरिक म्हणून ज्यांना समान मानलं, त्यांचं जगणं राष्ट्राच्या स्मरणात आलं, ते अशा लेखनामुळे.

२००९ मध्ये अमेरिकेत पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष पानतावणे होते. आपण याचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण सत्कार म्हणजे समीक्षा नव्हे, बरं का! इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच: नव्या पुस्तकाला शाल-श्रीफळ नको, सविस्तर परीक्षण द्या. आवडलं तर का, नाही आवडलं तर कोणत्या कसोटीवर, हे लिहा. आणि ती कसोटी तुमच्याकडे आली कुठून, तेही तपासा.