‘ओ’सारखा दिसणारा रक्तगट
इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात रक्तदान शिबिरात एखाद्याचा गट ‘ओ’ निघाला, तर तो कुणालाही रक्त देऊ शकतो असं मानलं जातं. क्वचित हा समज फसतो. काहींच्या रक्तात ‘ए’ आणि ‘बी’ नसतातच, पण ज्या पायावर ते उभे राहतात तो ‘एच’ घटकही नसतो. साध्या चाचणीत ते ‘ओ’ दिसतात. रक्त चढवायची वेळ आली, की ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होतात.

मुंबईतल्या परळच्या डॉक्टरांनी हे 1952 साली जगासमोर मांडलं. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तीन माणसांचं रक्त कशाशीच जुळेना. चाचणीतली चूक म्हणून ते सोडून देणं सोपं होतं. त्यांनी ते लंडनच्या तज्ज्ञांपर्यंत नेलं. ‘लॅन्सेट’मधल्या निबंधावर या तिघा डॉक्टरांबरोबर लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांची नावं आहेत. विनिफ्रेड वॉटकिन्स तेव्हा तिशीच्या आत होत्या आणि मॉर्गन यांच्याच हाताखाली तयार झाल्या होत्या. नवख्या संशोधकाचं नाव निबंधावर येणं ही आजही लहान गोष्ट नाही.

या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव चिकटलं. शहराचं नाव बदललं, गटाचं नाही.

मुंबईत या कामाला आधीपासून जमीन तयार होती. डॉ. वसंत खानोलकरांनी एल. डी. संघवी यांच्यासह 1949 च्या सुमारास मुंबईतल्या सहा अंतर्विवाही जातिसमूहांच्या आनुवंशिक लक्षणांवर निबंध छापला होता.

पैसा मागाहून आला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 1957 मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. पुढे त्याचीच राष्ट्रीय इम्युनोहीमॅटॉलॉजी संस्था झाली. ती आजही के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. ‘लॅन्सेट’च्या निबंधातले भाटिया पुढे याच कामात राहिले. 1974 मध्ये त्यांनी साठे यांच्यासह आकडा काढला: मुंबईत साधारण 7,600 माणसांत एक. ‘बॉम्बे’ गटाच्या मुलाला आईवडील दोघांकडूनही तीच अप्रभावी जनुकं मिळावी लागतात. त्यामुळे आते-मामे भावंडांत लग्न करण्याच्या आपल्याकडच्या रीतीचा इथे थेट संबंध येतो. 1952 च्या निबंधापासून या आकड्यापर्यंत बावीस वर्षं एकाच प्रश्नावर! अनुदानाच्या तीन-तीन वर्षांच्या मुदतीत हे बसलं नसतं.

भारतीय ‘बॉम्बे’ गटामागचा जनुकातला बदल 1990 च्या दशकात उलगडला. दुर्मिळ आजारांसाठी सरकारी पैसाही पुढे आला: 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात हेच के. ई. एम. उत्कृष्टता केंद्र ठरलं. या धोरणातली रुग्णाच्या उपचारासाठीच्या मदतीची कमाल मर्यादा 2022 मध्ये 50 लाख रुपयांपर्यंत वाढली. मात्र हा पैसा उपचाराचा आहे. परळच्या प्रयोगशाळेत पहिली काही वर्षं काढणाऱ्या तरुण संशोधकाला आपली शिष्यवृत्ती आजही वेगळी शोधावी लागते.