प्रकाशरेषांचे छायाचित्रण

रात्री धावणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा माग एकाच चित्रात रेषारूपाने टिपण्याची पद्धत. शटर काही सेकंद उघडे ठेवले की दिवा जिथून जिथून सरकतो तिथली नोंद संवेदकावर होत जाते. वाहनाचा अंधारातला सांगाडा मात्र एका जागी पुरेसा वेळ ठरत नाही, म्हणून तो उमटतच नाही. लुई दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा दीर्घ उघडझापीमुळे गाड्या आणि माणसे पुसली गेली. बूट पुसून घेत स्थिर उभा असलेला एक माणूस तेवढा राहिला. प्रकाशरेषांचे तंत्र याच नियमाची दुसरी बाजू आहे.

हालचालीचा माग दिव्यांनी टिपण्याची कल्पना वाहतुकीच्या आधीची. फ्रान्समध्ये जॉर्ज दमनी याने 1889 मध्ये चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर विजेचे छोटे दिवे बांधून त्याच्या चालीचे आलेख मिळवले. पुढे अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी कामगारांच्या हातांच्या हालचाली याच रीतीने अभ्यासल्या.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100, छिद्र एफ/8 ते एफ/16 आणि शटर 5 ते 30 सेकंद, ही सर्वसाधारण मांडणी. नवशिक्याची गल्लत एकाच ठिकाणी होते. रेषेची उजळता छिद्र, आयएसओ आणि दिव्याचा वेग यांवर ठरते. शटरचा वेळ वाढवल्याने रेषा लांबते आणि स्थिर पार्श्वभूमी उजळते, रेषा स्वतः उजळत नाही. ताशी 40 किमी वेगाची मोटार 10 सेकंदांत सुमारे 110 मी. जाते, हे लक्षात घेऊन चौकटीतले अंतर आधी मोजावे. सूर्यास्तानंतर आकाशात निळाई शिल्लक असतानाचा वेळ सर्वांत चांगला. पुढे आकाश नुसते काळे होते. भारतात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे पुलावरून रस्त्याच्या दिशेने पाहिले तर डावीकडे मागच्या दिव्यांच्या लाल आणि उजवीकडे समोरच्या दिव्यांच्या पांढऱ्या रेषा येतात. उलट दिसले तर चित्र परदेशातले किंवा उलटे छापलेले.

मराठी छायाचित्रकाराच्या डोळ्यांसमोर आधी येतो तो मुंबईचा मरीन ड्राइव्ह, मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातून दिसणारा. तेथील सोडियमचे पिवळे दिवे काढून 2015 मध्ये पांढरे एलईडी बसवले गेले, तेव्हा वाद उठला. रात्रीच्या चित्राचा रंग रस्त्यावरचा दिवा ठरवतो, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले. रायपूरकर तेलीबांधा तलावाच्या काठालाही मरीन ड्राइव्हच म्हणतात; तेथे 82 मी. उंच ध्वजस्तंभ उभी रेषा देतो.

पण रायपुरात खरे शिकायचे तर स्टेशनापलीकडच्या गुढियारीत. हा भाग घाऊक बाजाराचा; रुंद, सरळ रस्त्यावरच्या गुळगुळीत रेषा अशा वस्तीत सहसा मिळत नाहीत, आणि तेच तिचे मोल आहे. रिक्षाचा एकच दिवा असेल तर एकच रेषा वाट काढत वळते. ब्रेक दाबला की लाल रेषा जाड होते, खड्ड्यात ती उसळते, वळणाचा दिवा नारिंगी तुटक ठिपके सोडतो. काही एलईडी दिवे प्रत्यक्षात वेगाने उघडझाप करत असल्याने डोळ्यांना अखंड दिसणारा प्रकाश चित्रात ठिपक्यांचा होतो. रस्ता आणि चालक कसे आहेत, हे अशा चित्रात वाचता येते.

बिनदिव्याची सायकल, हातगाडी आणि पायी जाणारा माणूस मात्र या चित्रात येत नाही. बाजाराच्या रस्त्यावर हीच मंडळी मोठ्या संख्येने असतात, म्हणून प्रकाशरेषांचे चित्र हे तेथील वाहतुकीचे पूर्ण चित्र समजू नये. त्यांच्यासाठी त्याच जागेवरून, त्याच चौकटीत, कमी वेळाचे दुसरे चित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत.

पुलावरून जड ट्रक गेला की ट्रायपॉड हादरतो आणि पार्श्वभूमीच्या कडा दुहेरी होतात. अशा ठिकाणी एका लांब उघडझापीऐवजी 5-5 सेकंदांची अनेक चित्रे घेऊन हादरलेली वगळतात, आणि उरलेल्यांमधील प्रत्येक बिंदूची सर्वांत उजळ नोंद निवडून ती संगणकावर एकत्र करतात. रुळांवर उतरून आगगाडीच्या खिडक्यांचे पट्टे टिपण्याचा मोह टाळावा. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 खाली गुन्हा आहे.