काडेपेटीतले परदेशी झाड

दिवाळीत पणती लावताना आपण काडी ओढतो. ती कोणत्या झाडाची, हे कोणी विचारत नाही. माझ्यापुरता हा प्रश्न लहानपणीच सुटला होता. ठाकुर्लीहून कर्जतच्या दिशेने चौथे स्थानक अंबरनाथ. तिथे आगपेट्यांचा मोठा कारखाना. आजोबा सांगत, ‘लाकूड आपल्याच शहापूर-मुरबाडच्या रानातलं.’ पुढे एका व्याख्यानात मीही तेच ठोकून दिले. ते सरसकट विधान चूक होते.

१९२२ साली सरकारने आयात आगपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया कर बसवला. बाजार हातचा जाऊ नये म्हणून स्वीडिश कंपनीने इथेच कारखाने काढायचे ठरवले आणि १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली ‘विम्को’, स्थापन झाली. पेटी देशी झाली. पण सुरुवातीच्या काळात मुंबई भागात काडीसाठी लागणारे ॲस्पेनचे ओंडके मात्र जहाजाने येत.

ॲस्पेन हे पॉप्लरचे भावंड. त्याची पाने पिंपळासारखी सळसळतात. हिमालयातल्या त्याच्या एका जातभाईला ‘पहाडी पीपल’च म्हणतात. लाकूड पांढरे, हलके, सरळ रेषांचे. ओला ओंडका यंत्रावर फिरवला की पातळ सलग पट्टी सुटते आणि तिच्या काड्या पडतात. काडी मेण शोषते आणि संथ जळते. शिवाय एकाच मुळापासून अनेक खोडे फुटत असल्याने झाडे गटाने मिळतात, तोडणी सोपी जाते.

आपल्याकडे त्याला पर्याय होता काटेसावरीचा. तिचे लाकूडही मऊ आणि हलके, काडेपेटीसाठी ते वापरलेही गेले. पण सावर रानात विखुरलेली असते. दमट हवेत तोडलेला ओंडका लवकर डागाळतो. तिची लागवड करून पुरवठा बांधून घेण्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. करामुळे कारखाना आला. झाड काही करामुळे उगवत नाही.

पुढे, १९८० च्या दशकात, विम्कोने नाबार्डच्या साथीने शेतकऱ्यांकडून पॉप्लर लावून घेतला. मात्र तो आपल्या कोकणात नव्हे, तर उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणात. कारण या अमेरिकन पॉप्लरला कडक हिवाळा, खोल माती आणि भरपूर पाणी लागते. गहू-उसाच्या बांधावर आणि शेतात तो सहा ते आठ वर्षांत तोडणीला येतो.

आजोबांना आता दुरुस्ती सांगता येत नाही, वाचकांना सांगतो. ‘स्वदेशी’ हा शब्द पेटीच्या लेबलावर वाचून भागत नाही, आतल्या काडीलाही विचारावे लागते. फाल्गुनात सावर लाल फुलते, तेव्हा एवढे तरी आठवावे.