पडद्यांच्या मधला गंधार

गिटार शिकणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा लवकरच पडते ती पाच सुरांची ‘मायनर पेंटॅटॉनिक’. पहिलं बोट पाचव्या पडद्यावर, प्रत्येक तारेवर दोन सूर. सहा तारांचे झाले बारा. थोड्या सरावाने बोटं बसतात. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे तर आपल्या धानी रागाचे सूर! भूपातला धैवत ‘सा’ मानला, की हेच सूर मिळतात.

पण गिटारवर त्यांना मानाचं स्थान मिळवून दिलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांच्या हातून वाद्यंही काढून घेतली गेली. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला आणि १७४०च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. गळ्यावर मात्र बंदी घालता येईना. शेतात राबताना दिलेल्या लांबलचक हाकांतून पाच सुरांची जुनी चाल टिकली. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, दारिद्र्य संपलं नाही. पुढे टपालाने स्वस्त गिटारी मिळू लागल्या, तेव्हा ही गाणी तारांवर आली.

तिथे एक अडचण होती. या गायकांचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोहोंच्या मधला. गिटारच्या पडद्यांनी तर सप्तकाचे बारा सारखे भाग ठरवून टाकलेले. या गंधाराला तिथे जागाच नव्हती! संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९४१च्या आत्मचरित्रात १९०३च्या सुमाराची एक आठवण दिली आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर रखडलेल्या गाडीची वाट पाहताना त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी दाबून, घसरवत गिटार वाजवत होता. आपण जिला मींड म्हणतो, तीच ही वाट. बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांना तशी सरकपट्टी जमेना. मग त्यांनी बोटानेच तार थरथरवून तो परिणाम साधला.

म्हणून बारा जागा पाठ झाल्या, की शिक्षकांनी आणखी एक गोष्ट जरूर करून घ्यावी. तिसऱ्या तारेवर, पाचव्या पडद्यावर कोमल गंधार आहे. तो वाजवून तार किंचित ओढायची. सूर पडद्यावरून जरासा वर सरकतो. ढोल हिरावले गेले तरी गळ्यात राहिलेला गंधार तो हाच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)