एच. पायलोरी: पोटातल्या एका जिवाणूवर चार-चार औषधे का?

पोटात जळजळ सुरू झाली की आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो आणि मेडिकलमधून गोळी आणतो. चार दिवस बरे वाटते. पण तेच दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल, तर जठरात ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू असू शकतो.

हा जिवाणू कसा सापडला?
पूर्वी अल्सरचा दोष तिखट खाण्याला आणि मानसिक ताणाला दिला जाई. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

संसर्ग बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून होतो. अनेकांना कधीच त्रास होत नाही. काहींना मात्र अल्सर होतो आणि थोड्यांना पुढे जठराचा कर्करोगही होऊ शकतो.

एकच औषध का पुरत नाही?
हा जिवाणू जठराच्या चिकट थराखाली लपतो आणि अमोनिया तयार करून आम्लापासून बचावतो. आम्लात काही प्रतिजैविकांचा प्रभावही कमी होतो. म्हणून आधी आम्ल कमी करणारी गोळी लागते. प्रतिजैविके दोन असतात, कारण एकाला न जुमानणारे जिवाणू दुसऱ्याने मरतात.

तीन औषधांच्या उपचारात आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन देतात. चार औषधांच्या उपचारात त्या गोळीसोबत बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असते. उपचार साधारण १४ दिवसांचा असतो. कोणता उपचार द्यायचा, हे डॉक्टर ठरवतात.

लोक कुठे चुकतात?
तोंडाला कडवट चव, मळमळ किंवा जुलाब झाले की अनेक जण गोळ्या मध्येच सोडतात. मग उरलेले जिवाणू औषधाला दाद देत नाहीत आणि पुढचा उपचार अवघड होतो. त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळ्या थांबवू नका. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळा. बिस्मथमुळे शौचाला काळे होऊ शकते. पण डांबरासारखी चिकट काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना त्रास किंवा विनाकारण वजन घटणे दिसले, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

बरे वाटले म्हणजे जिवाणू गेला का?
नाही. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी लागते. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवतात, पण तीही डॉक्टरांना विचारूनच. पानशेतसारख्या गावातल्या माणसाला यासाठी पुन्हा पुण्याची खेप पडू शकते आणि बरे वाटत असताना ती नकोशी होते. तरीही ती टाळू नये, कारण जिवाणू खरोखर गेला की नाही, हे त्या तपासणीतच कळते.