कराची–मुंबई : दीड तासाचा लांबचा प्रवास

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळावर मुंबई आणि कराची ही नावं टाकली की उत्तर येतं : सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर, जेट विमानाने दीड-पावणेदोन तास. म्हणजे मुंबईकराला दिल्लीपेक्षा कराची जवळ. हिशेब चोख आहे. फक्त असं विमान सुटत नाही.

एकेकाळी सुटत असे. किंबहुना भारतातल्या टाटांच्या हवाई टपालाची सुरुवातच या वाटेवर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचं छोटं 'पस मॉथ' घेऊन कराचीच्या ड्रिग रोडवरून निघाले. सोबत होती लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली टपाल. वाटेत अहमदाबादला पेट्रोलसाठी थांबा. पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. तिथून नेव्हिल विन्सेंट टपाल घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचं मैदान असं, की पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे.

या उड्डाणाची गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण एक तपशील निसटतो. त्या दिवशी कराची आणि मुंबई ही एकाच मुंबई इलाख्यातली दोन बंदरं होती. सिंध वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ला. कराचीतल्या जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे, ते या एकत्र कारभारामुळेच.

१९४७नंतर याच वाटेने, बहुतेक बोटींतून, सिंधी निर्वासित मुंबईत आले. त्यांतल्या अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली; त्यांचंच पुढे उल्हासनगर झालं. परतीचा प्रवास बहुतेकांच्या नशिबी नव्हता.

तरी वाट एकदम बुजली नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांच्या जेआरडींनी जुन्या 'लेपर्ड मॉथ'मधून कराची ते मुंबई पुन्हा एकट्याने उड्डाण केलं. तोवर दोन्ही देशांत तीन युद्धं होऊन गेली होती.

एप्रिल २०२५मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. व्हिसा हाती असलाच, तरी मुंबईहून कराचीला जाण्याची नेहमीची वाट दुबईवरून : आधी पश्चिमेला सुमारे १,९०० किलोमीटर, मग पुन्हा पूर्वेला जवळपास १,२००. हवेतच पाच तास जातात, आणि दुबईतलं ताटकळणं वेगळं. जेआरडींना अहमदाबादचा थांबा धरून सव्वासात तास लागले होते. दुबईत दुसरं विमान लगेच मिळालं नाही, तर आजचं जेट त्या पस मॉथच्या मागेच पडतं.